प्राचीन ग्रीक (पहिलं सत्र): परीक्षेची तयारी कशी करावी?

तापीकाठची:
नमस्कार मंडळी. मी चोपड्याची. माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवते. गेल्या पावसाळ्यात हौसेने प्राचीन ग्रीकचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला, अ‍ॅटिक बोलीचा (अथेन्सकडची जुनी ग्रीक), पहिली पायरी. आता मेमध्ये लेखी परीक्षा आहे. पेपर कॅमेऱ्यासमोर बसून हाताने लिहायचा आणि मग स्कॅन करून पाठवायचा. प्रश्न चार तऱ्हेचे: शब्द नि धातू चालवा, सुट्या रूपांचं व्याकरण चालवा, न वाचलेल्या उताऱ्याचं भाषांतर, आणि इंग्रजीतून ग्रीकमध्ये वाक्यं, तीही स्वरचिन्हांसकट.

अभ्यासक्रमात पहिलं आणि दुसरं विभक्तिरूप पूर्ण, तिसरं थोडं, 'लूओऽ' (सोडणे) धातूचा वर्तमान, अपूर्ण भूत, भविष्य, अओरिस्ट (साधा भूत), आकुंचित क्रियापदं आणि धातुसाधितं. पुस्तक उघडं असलं की सगळं ओळखीचं वाटतं. मिटलं आणि कोरा कागद घेतला की 'एलूओन' पुढे पेन थांबतं. कोणी या वाटेने गेलंय का? आमच्या भागात ग्रीक शिकणारं दुसरं कोणी मला तरी भेटलेलं नाही.

(इथे ग्रीक लिपी नीट उमटत नाही, म्हणून देवनागरीतच लिहू या. दीर्घ ए आणि दीर्घ ओ म्हणजे ईटा आणि ओमेगा, त्यांच्यापुढे ऽ लावते.)

केळीवाला_शिरपूर:
ताई, ग्रीक शिकीसन काय करशी? ग्रीसमा केळीले काय भाव शे ते आधी इचारी ले!
(गंमत हं. धागा वाचतोय.)

नाना_धुळे:
ताई, अभिनंदन. मीही निवृत्तीनंतर या नादाला लागलो. आधी संस्कृत, मग ग्रीक. तुम्ही संस्कृत शिकवता म्हणजे निम्मं गाव आधीच चालून आलात, फक्त तुम्हाला ते कोणी सांगितलेलं नाही.

'भरामि, भरसि, भरति' शेजारी 'फेरोऽ, फेरेइस, फेरेइ' लिहा. मग 'अभरम्, अभरः, अभरत्' शेजारी 'एफेरोन, एफेरेस, एफेरे'. भूतकाळाचा अडागम, म्हणजे धातूआधी लागणारा अ, तोच; आपला अ तिथे ए झाला. शब्दाच्या शेवटचा म् ग्रीकमध्ये न होतो आणि शेवटचा त् गळून पडतो. एवढं कळलं की 'एफेरे' पाठ करावं लागत नाही, 'अभरत्'चा त् काढला की झालं. आत्मनेपदात 'भरते' ला 'फेरेताइ', 'भरन्ते' ला 'फेरोन्ताइ'. 'भरमाणः' ला 'फेरोमेनोस'.

उपसर्ग असेल तर अडागम उपसर्गानंतर, धातूच्या लगत. 'उपगच्छति'चं 'उपागच्छत्' होतं, 'अउपगच्छत्' नव्हे. तसंच 'अपोबल्लोऽ'चं 'अपेबल्लोन'. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास अडागम सगळ्यात पुढे चिकटवतात.

द्विरुक्तीच्या धातूंपर्यंत पोचलात की फार मजा येईल. ददामि–दिदोऽमि, दधामि–तिथेऽमि. 'दधामि'मध्ये पहिल्या ध चा द का होतो, हे आपण 'अभ्यासे चर्च' म्हणून शिकवतो. 'तिथेऽमि'त पहिल्या थ चा त झालाय, कारण तेच.

म्हणून माझं म्हणणं, तक्ते वेगळे पाठ करू नका. संस्कृतच्या तक्त्याशेजारी तिसरा रकाना ओढा.

खानदेशी_मुलूख:
वाचनखूण साठवली. नाना, तुम्ही शिकवणी घेता का?

नाना_धुळे:
नाही हो. डोळे साथ देत नाहीत आता. इथे विचारा, जमेल ते सांगेन.

अमळनेरी:
मी गेल्या वर्षी याच पातळीची परीक्षा दिली, दुसऱ्या संस्थेची. एम.ए.ला तत्त्वज्ञान होतं. प्लेटो मुळातून वाचायचा म्हणून शिरलो. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून आहे, तेव्हा आमच्या गावात हे खूळ नवीन नाही.

नानांबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. तिसरा रकाना समजण्यासाठी उत्तम आहे, परीक्षेसाठी घातक ठरू शकतो. परीक्षेत 'एफेरे' 'अभरत्'वरून काढायला वेळ नसतो. शिवाय जिथे दोन्ही भाषा वेगळ्या वाटांनी जातात तिथे संस्कृत पाठ असलेला माणूस आत्मविश्वासाने चुकतो.

विभक्तीच घ्या. संस्कृतात संबोधन धरून आठ, ग्रीकमध्ये पाच. पंचमी षष्ठीत गेली. तृतीया आणि सप्तमी चतुर्थीत गेल्या. म्हणून 'नदीत' म्हणायला 'एन' आणि चतुर्थी, 'नदीतून' म्हणायला 'एक' आणि षष्ठी, 'नदीकडे, नदीत आत' म्हणायला 'एइस' आणि द्वितीया. हे तीन शब्द त्यांच्या विभक्तीसकट हातात बसले की इंग्रजी ते ग्रीक वाक्यांतली बरीच पडझड थांबते.

दुसरं म्हणजे आर्टिकल. संस्कृतात नाही, मराठीत नाही. आपण ते विसरतो, किंवा शोभेसाठी टाकतो. ग्रीकमध्ये त्याच्या जागेवरून अर्थ फिरतो. 'हो सोफोस अन्थ्रोऽपोस' म्हणजे शहाणा माणूस. 'सोफोस हो अन्थ्रोऽपोस' म्हणजे माणूस शहाणा आहे, क्रियापदाशिवाय पूर्ण वाक्य.

तिसरं, नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद. 'ता दोऽरा' म्हणजे भेटवस्तू, अनेक, पण क्रियापद 'एस्ति' (आहे). संस्कृत शिकवणाऱ्या माणसाचा हात इथे आपोआप अनेकवचन लिहितो. पेपर तपासणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून असं वाक्य पेपरात असतंच असतं.

आता कोऱ्या कागदाचं दुखणं. तुम्ही ओळखण्याचा सराव केलाय, काढण्याचा नाही. तक्ता वरून खाली म्हणत गेलात तर 'लूऊसि' आठवायला आधीची पाच रूपं म्हणावी लागतात. पेपरात मधलंच एक रूप विचारतात. मी चिठ्ठ्या केल्या होत्या. एका डब्यात धातू, दुसऱ्यात काळ, तिसऱ्यात प्रयोग, चौथ्यात पुरुष आणि वचन. प्रत्येकातून एक उचलायची आणि रूप लिहायचं, तोंडाने नाही, लिहून. जे अडलं त्याची चिठ्ठी परत डब्यात. आमच्या घरी आई म्हणायची, हा हाऊजी खेळतो एकटाच.

नाना_धुळे:
अमळनेरी, तुमचं आर्टिकल आणि नपुंसकलिंगाचं मान्य. विभक्तीचंही. पण संस्कृत 'घातक' म्हणू नका राव. दोष रकान्याचा नाही, रकाना बघून थांबण्याचा आहे. सति सप्तमीचं उदाहरण तुम्ही द्यायला हवं होतं, खरा सापळा तो आहे.

ताई, 'सेनापती आज्ञा देत असता' हे आपण सति सप्तमीने म्हणतो. ग्रीकमध्ये सप्तमी चतुर्थीत गेली, म्हणून मन म्हणतं चतुर्थी वापर. तसं नाही. ग्रीक लोक हे षष्ठीने म्हणतात: 'तू स्त्रतेऽगू केलेउओन्तोस'. संस्कृतातही एका कोपऱ्यात हे आहे. 'षष्ठी चानादरे', 'रुदतः प्राव्राजीत्', रडणाऱ्याला न जुमानता निघून गेला. आपल्याकडे षष्ठी अनादरापुरती उरली, ग्रीकांनी तीच सर्रास केली. एकदा असं लक्षात ठेवलं की पेपरात चतुर्थी होणार नाही.

अमळनेरी:
हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! घातक शब्द मागे.

तापीकाठची:
नाना, जिभाऊ, दोघांचेही आभार. जिभाऊ म्हटलेलं चालेल ना? आमच्याकडे मोठ्याला तसंच म्हणतात.

एक विचारायचं होतं. माझे सगळ्यात जास्त गुण एप्सिलॉन की ईटा, ओमिक्रॉन की ओमेगा यातच जातात. कानाला फरकच कळत नाही.

अमळनेरी:
चालेल, ताई. वयाने लहान असलो तरी चालेल.

हे फक्त तुमचं नाही, मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाचं आहे. आपल्याला प-फ, त-थ, क-ख फुकट मिळालेत. अभिजात काळात पी-फी, ताउ-थीटा, काप्पा-खी हेच उच्चार होते. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते वेगळे काढणं जड जातं, आपल्याला ते बालवाडीपासून येतं. त्याची भरपाई ए आणि ओ मध्ये होते. मराठीत ए-ओ यांच्या ऱ्हस्व-दीर्घावरून शब्द बदलत नाही, म्हणून कान तिकडे जातच नाही. ग्रीकमध्ये 'लूओमेन' म्हणजे आम्ही सोडतो आणि 'लूओऽमेन' म्हणजे सोडू या. फक्त ओमिक्रॉन-ओमेगाचा फरक. (हे दुसरं रूप तुम्हाला पुढच्या सत्रात लागेल.)

उपाय एकच. मोठ्याने म्हणताना ओमेगा आणि ईटा अक्षरशः दुप्पट ताणायचे. लाज सोडून. घरचे हसतील, हसू द्या.

नाना_धुळे:
आणि स्वरचिन्हांचा आधार घ्या. लोक स्वरचिन्हांना शत्रू समजतात, पण ती चुगली करतात. 'दोऽरोन', भेटवस्तू, यावर लांब स्वरावरचं वळणदार चिन्ह येतं. 'दोऽरोऽन', भेटवस्तूंचं, यावर साधं तीव्र चिन्ह. कारण शेवटचं अक्षर दीर्घ झालं की उपान्त्यावर वळणदार चिन्ह बसत नाही. म्हणजे चिन्ह बघूनच शेवटी ओमिक्रॉन की ओमेगा ते कळतं.

नियम फार थोडे आहेत. स्वर शेवटच्या तीन अक्षरांपलीकडे मागे जात नाही. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर दोनांपलीकडे जात नाही, म्हणून 'अन्थ्रोऽपोस'चा स्वर 'अन्'वर, पण 'अन्थ्रोऽपू'चा 'थ्रोऽ'वर सरकतो. क्रियापदात स्वर जमेल तितका मागे जातो. नामात तो जिथे आहे तिथे राहायला बघतो, नियम आड आला तरच हलतो. शेवटचे 'आइ' आणि 'ओइ' बहुतेक ठिकाणी ऱ्हस्व धरतात. वेदपठण ऐकलेल्या माणसाला उदात्त म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तेव्हा पहिली भीती काढा.

नवापूरकर:
उशिरा आलो. मी बायबलची ग्रीक शिकलोय, कोइने. नव्या करारासाठी. ताई, दोन गोष्टी सावधपणे.

एक, सरावाला नव्या करारातले उतारे घेऊ नका, निदान परीक्षेपर्यंत. ते सोपे वाटतात म्हणून मोह होतो. पण तिथे समुद्र 'थालास्सा' आहे, तुमच्या अ‍ॅटिकमध्ये 'थालात्ता'. द्विवचन कोइनेत उरलंच नाही. हात तिकडे वळला की पेपरात तेच उतरतं.

दोन, यूट्यूबवरचे आधुनिक ग्रीक उच्चार ऐकून पाठ करू नका. आजच्या ग्रीकमध्ये ईटा, इओटा, उप्सिलॉन, एइ, ओइ सगळ्यांचा उच्चार 'ई' होतो आणि बीटा 'व' होतो. बोलायला ते ठीकच आहे, ती त्यांची जिवंत भाषा. पण कानाने शिकून लिहायला गेलात तर कुठला ई लिहायचा हे कानाला कळणार नाही.

सातपुडा:
मला एक शंका आहे, राग मानू नका. हे सगळं छान, पण आपल्या मुलखाचा याच्याशी काय संबंध? इंग्रजी नीट येत नाही पोरांना, आणि आपण ग्रीकचे तक्ते भरतोय.

खानदेशी_मुलूख:
+१ सातपुडा.

अमळनेरी:
सातपुडा भाऊ, ताई कोणाच्या पोरांना हे शिकवायला निघालेल्या नाहीत, स्वतःला आवडतं म्हणून शिकतायत. तरी संबंध विचारलाच आहे तर सांगतो.

पहिल्या शतकातलं एका खलाशी-व्यापाऱ्याचं ग्रीक वर्णन आहे, लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतचं, 'पेरिप्लुस' म्हणून. त्यात भडोच आहे, 'बरुगाझा' नावाने. तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून साधं कापड, गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं असं तो लिहितो. आता भडोच तापीच्या उत्तरेला, पैठण दक्षिणेला. तापी ओलांडल्याशिवाय तो माल जाणार कसा? दख्खनला तो 'दखिनाबादेस' म्हणतो आणि इथल्या भाषेत दक्षिणेला 'दखानोस' म्हणतात असंही सांगतो. त्याची ग्रीक साधी आहे, पण परीक्षेनंतर वाचा. त्याच कारणाने, जे नवापूरकरांनी सांगितलं.

सातपुडा:
हे माहीत नव्हतं. वाचायला हवं. ताई, चालू द्या.

केळीवाला_शिरपूर:
म्हंजे भाव नै भेटना तरी गाड्यास्ना रस्ता भेटना!

तापीकाठची:
हाहा. केळीवाले भाऊ, तुमच्या अहिराणीत 'ग्रीसमा' म्हटलं की सप्तमी झाली. ग्रीकांनी ती चतुर्थीत कोंबली म्हणून तर माझी ही दशा.

जिभाऊ, थोडी रूपं देता का? इथेच व्याकरण चालवून दाखवते.

अमळनेरी:
घ्या. पुस्तक मिटून.
एलूओन. फुलक्सि. लूएताइ. खोऽरास. अपेबल्लोन.
आणि एक वाक्य ग्रीकमध्ये करा: सेनापतीची मुलं भेटवस्तू त्या देशात आणत होती.

तापीकाठची:
एलूओन: अपूर्ण भूत, कर्तरी, प्रथम पुरुष एकवचन.
फुलक्सि: 'फुलक्स', पहारेकरी, चतुर्थी अनेकवचन.
लूएताइ: वर्तमान, तृतीय पुरुष एकवचन, मध्यम किंवा कर्मणी.
खोऽरास: 'खोऽरा', षष्ठी एकवचन.
अपेबल्लोन: 'अपोबल्लोऽ'चा अओरिस्ट, तृतीय पुरुष अनेकवचन.
वाक्य: होइ पाइदेस तू स्त्रतेऽगू एफेरोन ता दोऽरा एइस तेऽन खोऽरान.

अमळनेरी:
फुलक्सि आणि लूएताइ बरोबर. लूएताइला दोन्ही प्रयोग लिहिलेत, छान, बरेच जण एकच लिहितात. फुलक्सिबद्दल एक: तिसऱ्या विभक्तिरूपात शब्द नेहमी षष्ठीसकट पाठ करा, 'फुलक्स, फुलकोस'. षष्ठीतून अंग कळतं, 'फुलक्'. त्याला 'सि' लावला की क आणि स मिळून ते एक अक्षर होतं. तुम्ही 'वाच्'चं 'वाक्षु' शिकवताच. 'एल्पिस, एल्पिदोस' मध्ये मात्र द गळतो, 'एल्पिसि' होतं.

एलूओन: प्रथम पुरुष एकवचन, आणि तृतीय पुरुष अनेकवचनसुद्धा. दोन्ही रूपं अक्षरशः सारखी आहेत. वाक्यात असेल तर कर्त्यावरून ठरतं, सुटं विचारलं तर दोन्ही लिहायची.

खोऽरास: तसंच. षष्ठी एकवचन आणि द्वितीया अनेकवचन. ए, इ किंवा र च्या नंतर आलेला आ या वर्गात तसाच राहतो, म्हणून 'खोऽरास', पण 'तिमेऽ'चं षष्ठीत 'तिमेऽस'. तिथे हा गोंधळ होत नाही, कारण द्वितीया अनेकवचन 'तिमास' वेगळं दिसतं.

अपेबल्लोन: ल मोजा. दोन ल आहेत म्हणजे वर्तमानाचं अंग, म्हणून अपूर्ण भूत. अओरिस्टला एकच ल, 'अपेबलोन'. पुरुष-वचन इथेही दोन्ही शक्य.

वाक्य बरोबर आहे. गुण कापता येणार नाहीत. पण 'होइ तू स्त्रतेऽगू पाइदेस' लिहिलंत तर जास्त ग्रीक वाटेल. आर्टिकल आणि नाम यांच्यामध्ये षष्ठी बसवायची. गंमत म्हणजे हा क्रम मराठीचाच आहे, सेनापतीची मुलं. उताऱ्यातही आर्टिकल दिसलं आणि पुढे लगेच दुसरं आर्टिकल आलं की घाबरायचं नाही, पहिल्याचं नाम पुढे आहे, मधलं सगळं त्याच्या पोटात.

नाना_धुळे:
उताऱ्याचा विषय निघालाच आहे तर. पहिल्या शब्दापासून भाषांतर सुरू करू नका. आधी क्रियापद हुडका, मग त्याची प्रथमा. 'मेन' (एकीकडे) आणि 'दे' (दुसरीकडे) यांच्याभोवती गोल करा, ते वाक्याचे दोन पाय दाखवतात. 'दे' आणि 'गार' वाक्यात पहिले कधी येत नाहीत, आपल्या संस्कृतातल्या 'तु'सारखे दुसऱ्या जागी बसतात. भाषांतरात मात्र 'गार'चं 'कारण' पुढे आणावं लागतं.

तापीकाठची:
खोऽरासचं कोष्टक भिंतीवर लावते. आणि अनियमित धातूंचं काय? फेरोऽ, ओइसोऽ, एऽनेङ्कोन, यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही.

अमळनेरी:
नाहीच आहे संबंध. वेगवेगळे धातू एका संसारात आलेत. तुम्ही वर्गात 'पश्यति' पण 'द्रक्ष्यति' शिकवताना मुलांना काय सांगता? तेच. 'होराओऽ, ओप्सोमाइ, एइदोन' हेही तसंच. पहिल्या सत्राला असे फार नसतात, तुमच्या यादीत जे आहेत तेवढेच घ्या, बाकीच्यांच्या नादी लागू नका. हे मात्र सरळ घोकायचे. इथे तर्क चालत नाही.

नवापूरकर:
एक व्यवहाराची गोष्ट. हाताने लिहून स्कॅन करणार असाल तर शब्दारंभीच्या स्वरावरची श्वासचिन्हं आणि अक्षराखालचा छोटा इओटा ठळक काढा. फिकट पेनाने काढलेला इओटा स्कॅनमध्ये पुसला जातो आणि चतुर्थीची प्रथमा होते. उप्सिलॉनने किंवा ऱ्होने शब्द सुरू झाला की श्वासचिन्ह नेहमी 'ह'वालं.

खानदेशी_मुलूख:
आणि मेमध्ये दुपारचा पेपर असेल तर लाइटीची सोय बघा ताई. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. कॅमेरा बंद पडला तर पंचाईत. मोबाइलचा डेटा आणि चार्ज केलेला लॅपटॉप तयार ठेवा, इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

तापीकाठची:
पेपर सकाळी आहे, बरं झालं. शेजारच्या काकांकडे इन्व्हर्टर आहे, त्यांच्या ओसरीवर बसेन. इओटासाठी काळं जेल पेन आणलं.

नाना, षष्ठीचं ते वाक्य करून बघितलं: 'तू स्त्रतेऽगू केलेउओन्तोस, होइ पाइदेस एफेरोन ता दोऽरा.' सेनापती आज्ञा देत असता मुलं भेटवस्तू आणत होती.

नाना_धुळे:
चोख. आता सेनापतीच्या जागी अनेकवचन घाला, 'सेनापती आज्ञा देत असता', अनेक सेनापती. धातुसाधितही बदलेल.

तापीकाठची:
'तोऽन स्त्रतेऽगोऽन केलेउओन्तोऽन'. तिन्ही ओमेगा ताणून म्हटलं. घरचे हसले.